एकत्र बसणे आणि एकत्र शिकणे

(मोरगाव, ता. बारामती, जि. पुणे येथे शिक्षक, पालक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहशिक्षण देणाऱ्या शाळांत मुलामुलींमध्ये आढळणारी विषमता, हा विषय आज आपण मला बोलावयास दिला आहे. विषयाचे नाव ऐकून काहींच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. मुलगे आणि मुली एकाच छपराखाली बसतात, एकाच फळ्याकडे पाहतात, एकाच गुरुजींकडून शिकतात. पाठ्यपुस्तक एक, परीक्षा एक. मग विषमता कोठे राहिली?

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर सरळ दिले पाहिजे. शाळेचा दरवाजा दोघांना खुला असणे ही समतेची पहिली पायरी होय. दरवाजातून आत आल्यावर कोणाला कोणती जागा मिळते, कोणाला प्रश्न विचारला जातो, कोणाच्या हाती झाडू येतो आणि कोणाच्या हाती चेंडू येतो, दहावीनंतर कोण कोणत्या वाटेने जाते, या गोष्टी त्यानंतरच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी चढण्यास महाराष्ट्राला पुष्कळ वर्षे लागली. पुढच्या पायऱ्या अजून चढावयाच्या आहेत. मात्र त्या चढण्यासाठी नवा कायदा किंवा मोठी इमारत लागत नाही. त्या बहुतांशी आपल्याच, म्हणजे या सभागृहात बसलेल्या मंडळींच्या हातात आहेत.

या खोऱ्याचा वारसा

मोरगाव हे मयूरेश्वराचे स्थान म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण कऱ्हेच्या या खोऱ्याचे शिक्षणाशीही जुने नाते आहे. ज्या जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, त्या फुले घराण्याचे खानवडी हे गाव शेजारच्या पुरंदर तालुक्यातील. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. तेही नीरेच्या पलीकडे, फार लांब नाही. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःस्थितीवर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. मुलीला लिहिता येऊ लागले की ती काय लिहील, हे त्या एका निबंधाने महाराष्ट्राला दाखवून दिले.

मुलींना शिकवावे की नाही, हा वाद हळूहळू मिटला. त्यानंतर दुसरा वाद उभा राहिला : काय शिकवावे आणि कोठे शिकवावे? गोपाळ गणेश आगरकरांनी 'सुधारका'तून आग्रहाने मांडले की, स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा जपानमधील महिला विद्यापीठाचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. स्त्रियांच्या शिक्षणात मातृभाषेला आणि गृहजीवनाशी संबंधित विषयांना स्थान असावे, असा त्यांचा विचार होता. दोघेही स्त्रीशिक्षणाचे कैवारीच. फरक इतकाच की, एकाने भावी समाजाकडे पाहून मागणी केली आणि दुसऱ्याने त्या वेळचे पालक मुलीला घराबाहेर पाठविण्यास कशाने तयार होतील, याचा विचार करून वाट काढली.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न पुन्हा तपासला गेला. मुलामुलींच्या अभ्यासक्रमात भेद असावा काय, याचा विचार करण्यासाठी हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली १९६२ साली समिती नेमण्यात आली. पुरुषी किंवा बायकी म्हणून जे गुण आपण समजतो ते पुष्कळसे समाजाने घडविलेले असतात, म्हणून प्राथमिक स्तरावर लिंगभेदावरून अभ्यासक्रम वेगळे करू नयेत आणि सहशिक्षण हीच सर्वसाधारण पद्धत असावी, असा या समितीचा कल होता. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तोच विचार पुढे नेला व पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांनाच असावे अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या महाराष्ट्राचे जे. पी. नाईक हे होते. १९७५ साली आपल्या राज्यात दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, आणि गणित नको म्हणून मुलीला बाजूला काढण्याची सोय मोठ्या प्रमाणावर संपली.

म्हणजे कागदावर आगरकर जिंकले. खेड्यांत तर ते अपरिहार्यच होते, कारण एका गावाला दोन माध्यमिक शाळा परवडणाऱ्या नव्हत्या. आपल्या गावातील मुलीपुढे सहशिक्षणाची शाळा की मुलींची शाळा, अशी निवड सहसा नसते. तिच्यापुढे निवड असते ती ही शाळा की घर, एवढीच. म्हणून ही जी एकच शाळा आहे ती मुलीला न्याय देणारी असली पाहिजे.

निकाल काय सांगतात

येथे कोणी म्हणेल, मुली तर दरवर्षी पुढे आहेत. ते खरे आहे. २०२४ च्या शालान्त परीक्षेत राज्यात मुलींचा निकाल ९७.२१ टक्के आणि मुलग्यांचा ९४.५६ टक्के लागला. २०२५ साली मुलींचा ९६.१४ टक्के, तर मुलग्यांचा ९२.३१ टक्के. वृत्तपत्रांत दरवर्षी एकच मथळा येतो की, यंदाही मुलींची बाजी.

या यशाचे कौतुक केलेच पाहिजे. पण निकालाचा आकडा परीक्षेला बसलेल्यांचा असतो. आठवीत किंवा नववीत जिचे नाव पटावरून गेले, ती या टक्केवारीत कोठेच नसते. ती नापासही होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले आढळले. म्हणजे पाचांतील एकीहून अधिक. त्याच पाहणीनुसार दहा किंवा अधिक वर्षे शालेय शिक्षण घेतलेल्या स्त्रियांचे प्रमाण राज्यात निम्म्याच्या आसपास होते. निकालाची टक्केवारी आणि ही टक्केवारी शेजारी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे चित्र पुरे होते. जी मुलगी टिकते ती पुढे जाते. प्रश्न आहे तो टिकण्याचा.

टिकलेल्या मुलीचाही प्रश्न दहावीला संपत नाही. राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्णपणे माफ केले आहे. हा निर्णय फार मोठा आहे. परंतु अभियांत्रिकीची फी माफ झाली तरी, तेथे पोहोचावयाचे तर अकरावीला विज्ञान व गणित घेतलेले असावे लागते. ते घेण्याचे धैर्य अकरावीच्या प्रवेशअर्जावर एकाएकी येत नाही. पाचवीपासून दहावीपर्यंत वर्गात कोणी कोणाला काय करू दिले, यावर ते अवलंबून असते.

वर्गात काय घडते

आपण सहशिक्षणाच्या कोणत्याही एका शाळेत सकाळपासून सायंकाळपर्यंत नुसते पाहत बसू या.

प्रथम हजेरी. पुष्कळ ठिकाणी हजेरीपटावर आधी सर्व मुलग्यांची नावे असतात आणि नंतर मुलींची. यामागे कोणाचा वाईट हेतू नसतो. ती रीत पडून गेली आहे. पण दहा वर्षे दररोज आपले नाव मागाहून ऐकणारी मुलगी त्यातून काहीतरी शिकते, आणि आपले नाव आधी ऐकणारा मुलगाही शिकतो. नावे अकारविल्हे एकत्र लिहिल्यास एक पैसाही खर्च येत नाही.

नंतर सफाई. वर्ग झाडणे, सडा, रांगोळी ही कामे मुलींकडे जातात. बाके हलविणे, बाजारातून साहित्य आणणे, ध्वजाचा खांब उभा करणे ही मुलग्यांकडे. पाहुणे आले की औक्षणाचे ताट व स्वागतगीत मुलींकडे. माईक, खुर्च्या आणि आभारप्रदर्शन मुलग्यांकडे. श्रम दोन्ही बाजूंना आहेत. पण एका बाजूचे श्रम घरातल्या कामासारखे आहेत, तर दुसऱ्या बाजूचे श्रम मुलाला शाळेच्या बाहेर, बाजारात आणि चारचौघांत नेणारे आहेत. झाडण्याच्या कामाची पाळी वर्गातील सर्वांना क्रमाने लावली, तर सफाई हे शिक्षण ठरते. ते केवळ मुलींनाच लावले, तर तो घरच्या विषमतेचा सराव होतो.

आता प्रत्यक्ष शिकवणे. अमेरिकेत मायरा आणि डेव्हिड सॅडकर या शिक्षणतज्ज्ञ दांपत्याने अनेक वर्षे वर्गांत बसून निरीक्षणे केली व १९९४ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. एकाच वर्गात बसलेल्या मुलग्यांकडे शिक्षकांचे लक्ष अधिक जाते, त्यांना प्रश्न अधिक विचारले जातात आणि त्यांचे उत्तर चुकले तर ते सुधारून घेण्यास अधिक वेळ दिला जातो, असे त्यांना आढळले. मुलींची वाखाणणी होई ती शांत बसण्याबद्दल आणि नीटनेटकेपणाबद्दल. विशेष म्हणजे हे करणारे शिक्षक पक्षपाती नव्हते. आपण असे करतो हे त्यांना ठाऊकही नव्हते.

आपल्याकडे हे किती लागू आहे, हे ठरविण्यासाठी परदेशी ग्रंथाची गरज नाही. एक वही पुरे. शेवटच्या बाकावर एका सहकारी शिक्षकाने आठवडाभर रोज एक तास बसावे आणि दोन रकाने आखावेत. मुलीला प्रश्न विचारला की एका रकान्यात रेघ, मुलग्याला विचारला की दुसऱ्यात. प्रयोगशाळेत उपकरणाला हात कोणी लावला आणि निरीक्षणे वहीत कोणी लिहिली, तेही टिपावे. पुष्कळदा एका गटात मुलगा परीक्षानळी धरतो आणि मुलगी सुवाच्य अक्षरात प्रयोग लिहून काढते. गुण दोघांना सारखेच मिळतात, पण प्रयोग एकानेच केलेला असतो. ही वही कोणा अधिकाऱ्याला पाठविण्यासाठी नव्हे. शिक्षकाने ती स्वतःच वाचावी.

आणि क्रीडांगण. मधल्या सुट्टीत मैदानाचा मोठा भाग क्रिकेटने व्यापलेला असतो आणि मुली भिंतीच्या कडेने उभ्या असतात. मुलींना खेळाची आवड नाही, हे यावर सांगितले जाणारे कारण खरे नाही. अमेरिकेत १९७२ साली सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद करण्यास कायद्याने बंदी झाली. त्यापूर्वी तेथील माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुलींची संख्या सुमारे ३ लाख होती. आज ती ३० लाखांहून अधिक आहे. आवड बदलली नव्हती. मैदान मिळाले होते. आपल्याच राज्यातील धाराशिव जिल्ह्याची सारिका काळे भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार झाली आणि २०२० साली अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरली. खो-खोला लागते काय? दोन खांब, आखलेली जमीन आणि आठवड्यातून ठरलेले काही तास की, जेव्हा मैदान मुलींचेच असेल.

पाठ्यपुस्तकांनी या बाबतीत पाऊल पुढे टाकले आहे. बालभारतीच्या दुसरीच्या मराठी पुस्तकात २०१९ साली अशी चित्रे आली की, आईबरोबर वडीलही भाजी निवडीत आहेत आणि स्त्री वाहतूक पोलीस चौकात उभी आहे. पुस्तकातले ते पान उघडून ठेवावयाचे आणि त्याच वर्गात झाडू मात्र मुलीच्या हाती द्यावयाचा, हे विसंगत आहे. मूल पुस्तकापेक्षा वर्गावर अधिक विश्वास ठेवते.

घरचे काम आणि शाळेचा वेळ

शाळेतील विषमतेचे मूळ पुष्कळसे घरात असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. केंद्र शासनाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असे काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ८१ होते आणि पुरुषांचे शेकडा २६. या पाहणीत ६ वर्षांवरील सर्व व्यक्ती धरलेल्या होत्या, म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलीही त्यात आल्या.

आपल्या बारामती तालुक्याचे दोन भाग आहेत, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून ज्या गावांना मिळाले तो बागायत भाग, आणि मोरगाव, सुपे, लोणी भापकर हा जिराईत पट्टा. जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजनांनी या पट्ट्याच्या काही भागाला दिलासा दिला असला, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या येथे पाहावयास मिळतात. टँकर आला की हंडा घेऊन कोण धावते? आई मजुरीला गेली की धाकट्या भावंडाला कोण सांभाळते? कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या खोपीवर दिवसभर कोण थांबते? साखरशाळा निघाल्या त्या याच मुलांसाठी, आणि त्यांतही मुलीला कडेवरच्या बाळासह बसावे लागे.

पुणे जिल्ह्यातच या प्रश्नावर एक मोलाचे काम झालेले आहे. ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने १९७९ पासून जिल्ह्यातील अनेक खेड्यांत शाळेबाहेर राहिलेल्या ९ ते १४ वयाच्या मुलांसाठी रात्रीचे अनौपचारिक वर्ग चालविले. गावातीलच व्यक्ती शिकवावयाची आणि वेळ मुलांच्या कामाप्रमाणे ठरवावयाची. या वर्गांना येणाऱ्यांत मुलींचे प्रमाण मोठे होते. दिवसा शाळेत न दिसणाऱ्या मुली दिवसभराचे काम उरकून रात्री कंदिलाच्या उजेडात शिकावयास येत. मुलीला शिकावयाचे नाही, किंवा पालकांना शिकवावयाचे नाही, हा समज त्या वर्गांनी खोटा ठरविला. अडचण इच्छेची नव्हती, वेळेची होती. म्हणून गैरहजर मुलीच्या नावापुढे केवळ फुली मारून भागत नाही. ती त्या वेळी कोठे होती हे विचारले पाहिजे.

भीती आणि लग्न

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. सहशिक्षणाच्या शाळेतून मुलीला काढून घेण्याचे जे कारण पालक उघडपणे सांगत नाहीत, ते म्हणजे भीती. वाटेत कोणी छेड काढील ही भीती. मुलीचे नाव कोणाशी जोडले जाईल ही भीती. ती आपल्या मनाने काही ठरवील ही भीती. या भीतीपोटी नववीतल्या मुलीचे लग्न ठरते. मुलगा त्याच वाटेने शाळेत जात राहतो. मुलगी घरी बसते. छेड काढणाऱ्याचे शिक्षण चालू राहते आणि जिची छेड काढली तिचे थांबते, याइतकी उघड विषमता दुसरी नाही.

पालकांना दोष देऊन हे सुटणार नाही, कारण भीती सर्वस्वी निराधार नसते. तिला उत्तर व्यवस्थेनेच दिले पाहिजे. ग्रामीण विद्यार्थिनींना एस. टी.चा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत आहे. पण गाडी शाळेच्या वेळेला येत नसेल तर पास असून उपयोग नाही. गाडीची वेळ बदलून घेण्यासाठी आगारप्रमुखांकडे ग्रामपंचायतीचा ठराव गेला पाहिजे. शाळांतून सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा शासननिर्णय मार्च २०२२ मध्ये झाला. ती समिती आपल्या शाळेत आहे काय, तिच्या बैठका होतात काय, तक्रारपेटी कोण उघडतो, हे विचारण्याचा पालकांना हक्क आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार असा अपराध घडल्याचे कळूनही पोलिसांना न कळविणे हाच गुन्हा आहे. म्हणून अशी बाब गावात बसून मिटवून टाकण्याचा अधिकार सरपंचांना नाही, मुख्याध्यापकांना नाही आणि कोणत्याही बैठकीला नाही.

बालविवाहाबाबतही तसेच. २००६ च्या कायद्याखाली गावाचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकांवर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर, जबाबदारी आहे. परंतु त्यांना बातमी लागते ती पत्रिका छापल्यावर. शाळेला ती आधी लागते. सलग आठवडाभर मुलगी आली नाही आणि मैत्रिणी उत्तर देण्याचे टाळू लागल्या की, शिक्षकांनी घरी जाण्याची वेळ झाली असे समजावे. बाई शिक्षिका बरोबर असल्यास आईशी बोलणे सोपे जाते. या भेटीत कायद्याचा धाक शेवटी दाखवावा. आधी मुलीची प्रगतीची वही दाखवावी.

मुलग्यांचेही नुकसान

हा विषय केवळ मुलींचा आहे असे समजू नये. निकालात मुलगे मागे पडतात, ही चिंतेची बाब आहे. पुष्कळ मुलगे मजुरीसाठी किंवा एखाद्या दुकानात कामाला म्हणून शाळा सोडतात. ज्याला लहानपणापासून सांगितले की रडू नको, मुलीसारखा लाजू नको, त्याला अडचण आली तर ती बोलून दाखविण्याची सवयच राहत नाही. मुलीबरोबर गटात काम करण्याची, तिचे मत ऐकण्याची, ती आपल्यापुढे गेली तर ते मान्य करण्याची सवय शाळेत लागली नाही, तर पुढे घरात आणि कचेरीत ती कोठून येणार? हंसा मेहता समितीने गृहशास्त्रासारखा विषय मुलामुलींना समान असावा असा विचार मांडला होता. भाकरी भाजता येणे आणि बटण लावता येणे ही माणसाची गरज आहे. कार्यानुभवाच्या तासाला मुलग्यांनी शिवण शिकावी आणि मुलींनी विजेचा फ्यूज बसवावा, एवढे करावयास कोणाची परवानगी लागत नाही.

शाळेने काय करावे, पंचायतीने काय करावे

शाळेपुरते बोलावयाचे तर, हजेरीपट अकारविल्हे करणे, कामाच्या पाळ्या सर्वांना लावणे, बसण्याची व्यवस्था दर महिन्याला बदलणे, वर्गप्रमुखपद आळीपाळीने मुलगा व मुलगी यांना देणे, मैदानाचे वेळापत्रक भिंतीवर लावणे आणि प्रश्नांच्या त्या वहीचा आठवड्याचा प्रयोग वर्षातून दोनदा करणे, ही सहा कामे येत्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात सुरू करता येतील.

आता ग्रामपंचायत. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असणे हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ते बांधलेलेही आहे. पण त्याला पाणी आहे काय? दाराला आतून कडी आहे काय? त्याचे कुलूप उघडण्यासाठी मुलीला कचेरीत जाऊन चार पुरुषांसमोर किल्ली मागावी लागते काय? मोठ्या वर्गातील मुलगी महिन्यातून काही दिवस घरी राहते, त्याचे कारण पुष्कळदा या तीन प्रश्नांत असते. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. त्यातून पाण्याची टाकी, नळ आणि सफाईची व्यवस्था होऊ शकते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे हाच कायदा सांगतो. पंचायतींतही स्त्रियांसाठी निम्म्या जागा २०११ पासून राखीव झाल्या आहेत. याच बारामती परिसरातील शारदाबाई पवार स्वातंत्र्यापूर्वीच पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या होत्या. आज जागा आहे, पण बैठकीत बोलते कोण, हा प्रश्न येथेही तोच आहे जो वर्गात आहे. वर्गात जिला प्रश्न विचारला गेला नाही, ती वीस वर्षांनी समितीच्या बैठकीत सहीपुरती बसते. उलट, वर्गात जिने फळ्यावर उदाहरण सोडविले, ती पंचायतीचा जमाखर्च मांडून दाखविते. म्हणून महिला सभेत शाळेचा विषय दरवेळी घ्यावा, आणि आईनेच उठून विचारावे की, माझ्या मुलीच्या वर्गात किती मुली होत्या आणि आज किती आहेत?

जन्मापासून मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय शासनाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी लागू केला आहे. ती मुले काही वर्षांनी आपल्या शाळांच्या पहिलीत येतील. त्यांच्या दाखल्यावर आईचे नाव वडिलांच्या नावाच्या आधी असेल. दाखल्यावरची ही समता त्यांना वर्गातही दिसली पाहिजे. त्याची तयारी करण्यास आपल्याला थोडाच अवधी आहे.

मित्रहो, माझी सूचना एकच आहे आणि ती अगदी साधी आहे. प्रत्येक मुख्याध्यापकांनी पाच वर्षांपूर्वीच्या पाचवीच्या पटावरील मुलींची यादी काढावी आणि ती आजच्या दहावीच्या पटाशी ताडून पाहावी. ज्या मुली दुसऱ्या शाळेत गेल्या त्यांच्यापुढे तसे लिहावे. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांची नावे वेगळी काढावीत आणि ती यादी पुढच्या ग्रामसभेपुढे, नावे मोठ्याने न वाचता, केवळ संख्या म्हणून ठेवावी. ती संख्या शून्य असेल तर त्या गावाने आगरकरांचे म्हणणे खरे करून दाखविले असे मी समजेन. ती संख्या तीन असेल, तर तीन घरांना भेट द्यावयाची आहे. त्या भेटीला शिक्षक, एक पंचायत सदस्या आणि गावातील शिकलेली एक सून अशा तिघांनी जावे. मुलगी परत शाळेत यावयास कधी कधी तेवढे पुरते.

 ग्रामसभेत ही यादी आली की, बोलण्याची पाळी आपली असेल.